पान सहावरची लाल शाई

माझा उजवा हात मोडला तेव्हा आमच्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना वाईट वाटलं, हे मी मान्य करते. फार वाईट वाटलं असं मात्र म्हणणार नाही. जानेवारीत सहल घेऊन दिघीकडे निघालो होतो. आगरदांड्याच्या जेट्टीवर शेवाळावरून माझा पाय सटकला आणि मी हातावर आपटले. उचलायला सात-आठ जणं धावली, आणि त्यांच्यातलाच एक मागच्याला हळूच म्हणाला, "उजवा हाय, उजवा." कळवळत असूनही मी ते ऐकलं. माझे कान पहिल्यापासूनच तिखट आहेत.

त्या आनंदाचं कारण माझं लाल पेन. अलिबागजवळच्या एका लहानशा कॉलेजात मी सत्तावीस वर्षं भूगोल शिकवते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने आपापल्या गावाचा अभ्यास करून चाळीसेक पानांचा अहवाल लिहायचा असतो. तो मी तीनदा तपासते. म्हणजे तपासत होते. 'हे कुठून आणलंस?', 'डोळे उघडे ठेवून गावात फीर', 'हे जागेपणी लिहिलंस का?' असे माझे शेरे. एका मुलाने एकदा माझ्या शेऱ्यांचे शब्द मोजले होते म्हणे, ते त्याच्या अहवालातल्या शब्दांपेक्षा जास्त भरले. मला या गोष्टीचा अभिमान होता. मी मुलांसाठी इतकं रक्त आटवते, असं मी स्टाफरूममध्ये चहा पिताना सांगत असे. मुलांना त्या पानांवर रक्तच दिसत असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

प्लॅस्टर सहा आठवडे ठेवायचं होतं. साठ अहवालांचे कच्चे खर्डे माझ्या टेबलावर रचून ठेवलेले होते. पहिली फेरी मी डिसेंबरातच तपासून परत केली होती, दुसरी तशीच पडलेली. डाव्या हाताने मी 'बरोबर' एवढा शब्द लिहून पाहिला, तो कोंबडीने उकरल्यासारखा आला. मुलांच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला होता.

तेव्हा आमचे संगणकाचे सर मदतीला आले. तिशीही न ओलांडलेला, पनवेलकडचा तरुण माणूस. तो म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. चॅटबॉट लावू. मुलं आपला ड्राफ्ट टाकतील, तो फीडबॅक देईल. सेट मी करतो." मी म्हटलं, आयुष्यभर मुलांना सांगत आले की नक्कल करू नका, आणि आता मीच माझं काम यंत्राला देऊ? तो नुसता हसला आणि माझ्या प्लॅस्टरकडे बघत राहिला. त्याच्या हसण्याचा मला तेव्हा राग आला होता, पण राग आला तरी अहवाल काही आपोआप तपासले जात नाहीत.

मग मी अटी घातल्या. मी बोलत गेले आणि तो टाइप करत गेला. यंत्राने मराठीत बोलायचं. मुलांसाठी एकही वाक्य लिहून द्यायचं नाही. चूक दिसली तर बरोबर काय ते सांगण्याआधी मुलाला विचारायचं, की तू हे पाहिलंस की ऐकलंस. आणि शेवटची अट माझ्या खास मनातली होती: प्रत्येकाने यंत्राशी झालेलं सगळं बोलणं जोडून माझ्याकडे पाठवायचं आणि ते मी स्वतः वाचणार. हे मी वर्गात उभं राहून, प्लॅस्टरचा हात उंचावून सांगितलं. "एकूण एक ओळ वाचणार आहे," असं म्हणाले.

मुलांना देण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी म्हणून मी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लिहिलेला माझाच लेख त्याला दिला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, की लेख माहितीपूर्ण आहे, पण दुसऱ्या परिच्छेदात पहिल्यातलीच गोष्ट पुन्हा आली आहे, ती मुद्दाम आणली आहे का? मी लॅपटॉप मिटला. सत्तावीस वर्षांत माझ्या लेखाबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. संध्याकाळी जेवण करता करता लेख आठवून पाहिला. दुसऱ्या परिच्छेदात खरोखरच पहिल्यातलीच गोष्ट होती.

पुढचे दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे होते, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते आहे. मी नागावला नारळाच्या वाडीत मागच्या अंगाला दोन खोल्या घेऊन राहते. पुढच्या खोल्यांत शनिवार-रविवारी पर्यटक उतरतात. इतकी वर्षं रविवारची दुपार म्हणजे अहवाल आणि लाल पेन असं ठरलेलं. आता मी दुपारी झोपू लागले. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन, पिवळ्या फुग्याच्या होडीवरून पाण्यात पडणाऱ्या मुंबईच्या माणसांची गंमत बघू लागले. पाठ दुखायची थांबली. मानेला एक कळ होती दहा वर्षांची, ती कुठे गेली कळलंच नाही.

मुलंही खुशीत होती. पहिली नवलाई त्यांना ही, की यंत्र त्यांना 'तुम्ही' म्हणतं. आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत त्यांना 'तुम्ही' कोणी म्हटलेलं नाही. एकाने मोठ्या भावाचा जुना अहवाल नाव बदलून यंत्राला दिला होता. यंत्राने त्याला अदबीने विचारलं, की तुमच्या गावातून ही नदी वाहते असं लिहिलं आहे, तुम्ही ती शेवटची केव्हा पाहिलीत? पोरगा स्वतःहून माझ्याकडे आला आणि गावात नदीच नाही असं कबूल करून गेला. मी असते तर वही खिडकीतून बाहेर गेली असती. यंत्राच्याही गमती होत्या. एकीच्या समुद्रालगतच्या गावात ऊस किती पिकतो असं त्याने तीनदा विचारलं. पण एकंदरीत काम चाललं होतं, आणि माझ्याशिवाय चाललं होतं. मुलांची संभाषणं मेलवर येऊन पडत होती. आज वाचू, उद्या वाचू करता करता प्लॅस्टर निघालं, व्यायाम सुरू झाले, मार्च लागला. मी एकही वाचलं नव्हतं.

होळीला पाच दिवस होते तेव्हा फोन आला. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील. न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतात. गेटवरच्या रांगेत उभे होते, मागे हॉर्नचा कल्ला चाललेला. माणूस एकदाच भेटलेला, पण मला पक्का लक्षात होता.

त्यांची मुलगी शेवटच्या बाकावरची. तीन वर्षांत तिने वर्गात तोंड उघडलेलं मला आठवत नाही. खाडीकाठचं गाव, म्हणजे समुद्राचं पाणी मातीच्या बांधाने अडवून मागे भातशेती केलेली, तीच खारजमीन. गाव हा बांध वर्षानुवर्षं कसा राखतं, कोणाची पाळी कधी, बांध फुटला तर कोणी काय करायचं, असा तिचा विषय होता. चांगला विषय होता आणि तो तिने स्वतः निवडला होता. पण तिथली गावकी माहिती देईना. गावकी म्हणजे घराघरातल्या कर्त्या माणसांची बैठक, देवळात बसते आणि गावाचे निवाडे करते. मागे कोणीतरी शहरातून येऊन गावाची माहिती घेऊन गेलं होतं आणि गावाबद्दल भलतंच छापून आलं होतं. तेव्हापासून गावकीची अट अशी, की जे लिहाल ते छापण्याआधी देवळात आमच्यासमोर वाचून दाखवायचं. शिमग्याला मुंबईची, पोर्टावरची सगळी माणसं गावात असतात, तेव्हा सगळ्यांसमोर. मुलीसाठी वडिलांनी शब्द दिला होता. त्यासाठीच ते दिवाळीनंतर कॉलेजात येऊन मला भेटून गेले होते. मुलीला पुढे एम.ए. करायचं होतं. घरातले बाकीचे म्हणत होते बास झालं. वडिलांनी सगळ्यांना सांगितलं होतं, ती गावकीसमोर वाचेल ते ऐका आणि मग बोला.

आता फोनवर ते म्हणाले, "मॅडम, पोरगी बोलते मी नाय वाचनार. दोन दिस जेवली पन नाय. मी गावाला शब्द दिलाय, आता काय सांगू?"

मी विचारलं, झालं काय? त्यांना माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणत होती, की अहवाल चुकीचा आहे, वाचला तर गाव हसेल. मग ते चाचरत म्हणाले, "त्या मशीनमंदी टाकला व्हता ना तिनं?"

माझं डोकं फिरलं. फोन ठेवला आणि तडक संगणकाच्या खोलीत गेले. सर वडापाव खात होते. मी त्यांना अहोजाहो करते, पण त्या दिवशी तेही सुटलं. "तुझ्या यंत्राने माझी पोरगी घाबरवली," म्हटलं. "तीन वर्षं बोलली नाही ती बोलणार होती, तर तिच्या डोक्यात काहीतरी भरवून ठेवलंस." आणखीही बरंच म्हटलं. यंत्राला खारजमीन काय कळते, मुंबईच्या पलीकडे त्याने पाहिलंय काय, वगैरे. माझी स्वतःची मेल मी महिनाभर उघडली नाही हे मला त्या वेळी आठवलं नाही.

सर शांतपणे वडापाव बाजूला ठेवून म्हणाले, "मॅडम, तिचं चॅट तुमच्याकडेच आहे. फेब्रुवारीत आलंय. उघडू का?"

उघड म्हटलं. यंत्राला रंगेहाथ पकडायचंच या तयारीने मी खुर्ची ओढून बसले.

सुरुवातीची चार-पाच पानं साधी होती. नकाशाला दिशा नाही, तक्ता क्रमांक दोनची बेरीज जुळत नाही, असलं. मग यंत्राने लिहिलं होतं: "पान सहावर तुम्ही म्हणता की खारजमिनीत आधी रोपं तयार करून जुलैमध्ये लावणी होते. पान अकरावर तुमच्या काकी सांगतात की मोड आणलेलं बी थेट चिखलात फेकतात. या दोन्हींतलं तुम्ही स्वतः काय पाहिलं आहे?"

मुलीचं उत्तर: "पान अकरा पाहिलंय. दरवर्षी मीपण टाकते. त्याला रहू म्हणतात. पान सहा मॅडमनी सांगितलंय."

मी सरांना म्हटलं, मी असं काही सांगितलेलं नाही. आणि म्हणता म्हणताच मला ते पान दिसलं. अगदी डोळ्यांसमोर दिसलं. डिसेंबरातली पहिली फेरी. निळ्या शाईतलं तिचं वाक्य, 'खारात रहू टाकतात', त्याच्यावर माझी आडवी लाल रेघ आणि समासात शेरा: 'भात लावतात, फेकत नाहीत. शेतकऱ्याच्या घरातली ना तू?'

आता माझी बाजूही सांगते, ती फारशी बरी नसली तरी. मी माणगावकडच्या, आतल्या गोड्या पाण्याच्या गावातली. आमच्याकडे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजतात, पेरतात, रोप उपटून मुठी बांधतात आणि चिखलात लावतात. वयाच्या आठव्या वर्षापासून मी लावणी केली आहे. माझी कंबर त्याची साक्ष देईल. वर्गात मी दर पावसाळ्यात सांगते, की मला पुस्तकातलं भात कोणी शिकवू नये, मी भातात मोठी झाले आहे. खारजमिनीवर मी तासच्या तास घेतलेत. क्षार, भरती, निचरा, सगळं फळ्यावर. पण तिथे भात होतं कसं, हे विचारायची गरज मला कधी वाटली नाही, कारण भात मला येत होतं. मुलं ऐकून घेत होती. त्यांच्यातली निम्मी खारातली असणार.

पुढे यंत्राने तिला लिहिलं होतं, की मग मॅडमना विचारून बघा, कदाचित त्यांनी ही पद्धत पाहिली नसेल.

तिने लिहिलं होतं, "मॅडमना विचारता येत नाही."

का, असं यंत्राने विचारलं. तिने लिहिलं, "त्या भातवाल्याच आहेत. त्यांना माहीत असेल. आमचंच चुकीचं असेल."

हे वाक्य मी दोनदा वाचलं. सर खिडकीतून बाहेर बघू लागले. दरवर्षी आपल्या हाताने बी टाकणारी मुलगी लिहीत होती की आमचंच चुकीचं असेल, आणि हे तिला माझ्या एका रेघेने शिकवलं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला बसले होते, आणि निघालं ते माझ्या डोळ्यातलं मुसळ.

यंत्राने तिला सांगितलं, की मी तुमच्यासाठी प्रश्न लिहून देणार नाही, तशी सूचना आहे, पण तुम्ही इथे लिहून पाहू शकता. आणि तिने लिहून पाहिलं होतं. सात वेळा. पहिल्यात तीनदा माफी होती. दुसऱ्यात आजारी असल्याचं काहीतरी होतं. तिसऱ्यात तिने काकीला खोटं पाडलं होतं, की काकीचं वय झालंय, तिला नीट आठवत नसेल. यंत्राने तिथे हळूच विचारलं होतं, की काकींना खरंच आठवत नाही का? पुढचे प्रश्न हळूहळू लहान होत गेले होते. सातवा असा होता: "मॅडम, आमच्याकडे रहू टाकतात. तुम्ही बघायला याल का?"

यंत्राने विचारलं, आता पाठवणार का? तिने लिहिलं, "हे सगळं मॅडम वाचणारच आहेत. त्या म्हणाल्यात एकूण एक ओळ वाचणार. मग त्यांना कळेल."

त्या ओळीशेजारी तारीख होती. महिना उलटून गेला होता. तिने मला विचारलं होतं, तिला जमेल त्या वाटेने, आणि मी दुपारी झोपत होते. उत्तर आलं नाही म्हणजे मॅडमचं म्हणणं कायम, असा तिने अर्थ घेतला आणि लावणीचं पान तसंच ठेवून अहवाल बांधून आणला. मग शिमगा जवळ आला. हे आपल्याला गावासमोर, काकीसमोर मोठ्याने वाचायचंय, हे तिच्या छातीवर येऊन बसलं. एका बाजूला मॅडम आणि दुसऱ्या बाजूला अख्खं गाव. जेवण जाईल कसं?

मला रडू आलं, आणि ते मी सरांपासून लपवलं नाही. सरांनी चहा मागवला. मी त्यांची माफी मागितली, ते म्हणाले, सोडा ना मॅडम. पण त्या रडण्यात एक सुटकाही होती, ती आज सांगितलीच पाहिजे. शिमगा झालेला नव्हता. अजून पाच दिवस होते. चूक माझी होती म्हणजे ती दुरुस्त करणंही माझ्या हातात होतं. यंत्राने घोळ घातला असता तर मी कोणाच्या दारात जाणार होते?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तिच्या गावी गेले. दार तिनेच उघडलं आणि मला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. पाणी आणायला आत पळाली ती बाहेरच येईना. शेवटी मीच स्वयंपाकघराच्या दारात गेले. काकी मासे साफ करत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "पान सहावर माझं चुकलंय. तुझं बरोबर होतं. तुझं बोलणं मी महिनाभर वाचलं नाही, तेही माझंच चुकलं. आता मला सांग, रहू कशी टाकतात."

काकीच बोलल्या. माशाचा हात तसाच धरून म्हणाल्या, "मॅडम, ही बोलली की कालेजात रहूला भात नाय मानत. मग आमी काय गवत खातो का?" आणि त्या इतक्या हसल्या की मलाही हसावं लागलं.

मग काकींनी शिकवलं आणि मी भिंतीला टेकून शिकले. बी पोत्यात भिजवायचं, दाबून ठेवायचं, मोड आले की पावसाने खार धुऊन काढलेल्या चिखलात मुठीने फेकायचं. फेकणाऱ्याचा हात सरावाचा लागतो, नाहीतर एकीकडे दाट आणि एकीकडे टक्कल. मी मध्येच एक अडाणी प्रश्न विचारला, की पाखरं बी खात नाहीत का. तेव्हा पहिल्यांदा मुलीच्या तोंडून शब्द आला. "खातात ना. म्हणून तर राखण असते." मग ती थांबलीच नाही. राखण कोणाची, चिखलात पाणी किती ठेवायचं, बी वाहून गेलं तर काय, दुपारपर्यंत चाललं होतं. जेवायला मासे होते. ती माझ्या पंगतीला बसली आणि दोनदा भात घेतला. काकी मला डोळ्याने खुणावत होत्या, की बघा, जेवतेय.

अहवालाची बांधणी सोडवून पान सहा बदललं. नवीन पान तिने लिहिलं. मी वाचलंसुद्धा नाही. हे मी मुद्दाम केलं, आणि मला ते सोपं गेलं नाही.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गावकी बसली. पुरुषांच्या कानामागे अजून रंग होता. बायका एरवी गावकीला येत नाहीत, त्या दिवशी देवळाच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या आणि मी त्यांच्यात. वडील आत न बसता खांबाला टेकून उभे होते. मुलीचा आवाज पहिली दोन पानं कोणाला ऐकूच आला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "मोठ्यानं बोल गो." ती मोठ्याने बोलू लागली. पान सहा आलं तेव्हा मी हातातल्या रुमालाची घडी घालत होते आणि मोडत होते. तिने वाचलं, की आमच्या खारात रहू टाकतात. दोन-चार माना हलल्या. त्यांच्या लेखी ती रोजची गोष्ट होती. माझा मात्र जीव भांड्यात पडला.

पान नऊवर एका म्हाताऱ्याने अडवलं. बांधाला पहिली खांड, म्हणजे भगदाड, देवळाच्या बाजूला पडली होती, हिने खालच्या बाजूची लिहिली, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, संपलं. ही आता माफी मागणार आणि बसणार.

ती म्हणाली, "नाय आबा. देवळाकडची दुसरी. पयली खालची, तुमीच मना सांगितलात. मी लिवून घेतलाय."

म्हाताऱ्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "व्हय गो. मीच सांगितला." देऊळभर हसू पिकलं. मी वडिलांकडे बघितलं. ते खाली बघत होते आणि बाहीने तोंड पुसत होते, रंग पुसल्यासारखं. नंतर गावकीने अहवालाची एक प्रत देवळाच्या कपाटात ठेवायला मागितली. एम.ए.चं त्या दिवशी कोणी बोललं नाही. पण निघताना वडिलांनी मला प्रवेशाचे फॉर्म कधी निघतात ते विचारलं.

मुलगी मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. बांधावरूनच वाट होती. ओहोटी लागलेली, खाडीचा चिखल उघडा पडलेला. मी मोकळ्या मनाने चालले होते, महिनाभराच्या दुपारच्या झोपांमध्ये नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू?"

विचार म्हटलं.

"पान अडतीस. उपाययोजना. तुम्ही सगळ्यांनाच लिहायला सांगता, की बांधावर झाडं लावावीत." ती पायाखालच्या मातीकडे बघत होती, पण थांबली नाही. "बांधावर झाड नसतं ठेवायचं. मुळं आत गेली की पाणी वाट काढतं. उगवलं तरी उपटतात. गावकीसमोर मी ते पान वाचलंच नाही."

मी मागे वळून बघितलं. आख्ख्या बांधावर खरंच एकही झाड नव्हतं. सत्तावीस वर्षं, दर वर्षी, प्रत्येक खारगावाच्या अहवालात मी झाडं लावत आले होते.

"हे आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. रागाने नाही, पण सवयीने आवाज चढलाच.

"सांगितलं होतं मॅडम," ती म्हणाली. "त्याच चॅटमध्ये, पुढे. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसेल."

एसटी येईपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. तिला मी हसताना पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी सकाळीच चहा घेऊन वाडीत खुर्ची टाकली आणि साठ जणांची संभाषणं पहिल्यापासून वाचायला घेतली, एकूण एक ओळ. हात आता पेन धरण्याइतका बरा झाला होता. जेवणाच्या वेळेपर्यंत अकरा वाचून झाली आणि त्यांत माझ्या चार चुका सापडल्या. चारही चुकांबद्दल मुलांनी मला विचारलेलं होतं. मी जेवले, आणि न झोपता बारावं उघडलं.